चाचांचा उच्चार

अरबी येतं याचा मला माज होता. मशिदीत कुणाचा उच्चार चुकला की मी तिथल्या तिथे टोकायचो. लोधिवली नाक्यावर पंक्चर काढणाऱ्या चाचांना तर नमाजानंतर सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "आधी नीट शिका, मग पढा."

अब्बा वारले. मय्यतीला आंघोळ घालायची सगळी रीत मला तोंडपाठ होती, पण फळीवरच्या अब्बांना हात लावायची हिंमत होईना. चाचा न बोलावता आले. बाह्या सरसावून म्हणाले, "उजवीकडून घे रं. पानी कोमट हाय ना? हळू, त्यांना दुखंल."

पाणी ओतताना चाचा दुआ पुटपुटत होते, त्याच चुकीच्या उच्चारात. मी त्यांच्या मागोमाग तशीच म्हणत राहिलो.