आईसाठी नावेत गारवा

आम्ही नाव घेऊन निघालो त्याच्या आदल्या वर्षी वैशाखात आईला ऊन लागलं. शेजारच्या गावातलं लग्न आटोपून यायचं होतं, एस.टी. चुकली आणि ती दोन कोस पायी चालत आली. दारातच कोसळली. तीन दिवस दवाखान्यात होती. घरी आली ती वेगळीच होऊन. सकाळी नऊच्या आत खिडक्या लावून घ्यायची आणि डोक्यावर ओला पंचा टाकून आतल्या खोलीत बसून राहायची. हिवाळा सरला तरी धास्ती गेली नाही. फाल्गुनातच म्हणायला लागली, "यंदा मी काही वाचत नाई."

मी तेव्हा भंडाऱ्याच्या एका शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. बाबा निवृत्त झाले होते. तेही गुरुजीच. नदीपलीकडच्या गावात त्यांची बदली होती तेव्हा अकरा वर्षं ते रोज डोंग्यानं वैनगंगा ओलांडायचे. त्या डोंग्याचा नावाडी त्यांचा जिवाभावाचा सोबती झाला. मी त्याला काकाच म्हणायची. निवृत्त झाल्यावर बाबांनी काकांकडून एक जुनी नाव विकत घेतली. दोघांनी मिळून तिला डोलकाठी उभारली, मांजरपाटाचं शीड शिवलं, मागच्या अंगाला दोन माणसं आडवी होतील एवढी खोली केली आणि वर पत्र्याच्या टिना ठोकल्या. शिडाची नाव आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती. भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या घाटावर लोक मुद्दाम ती बघायला थांबायचे.

आईचं माहेर खाली पवनीकडे, अगदी नदीकाठी. धरण होणार, गाव उठणार, अशी बोलणी तेव्हा सुरू झाली होती. कोणी म्हणे पाच वर्षांत, कोणी म्हणे वीस. एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, "लग्न झालं तवा मी नावेतून आली होती. गाव आहे तोवर एकदा नावेनंच जावंसं वाटते."

बाबांनी ताट बाजूला सारलं. "मग चल ना. आपली नाव आहे."

"उन्हात? त्या टिनाच्या डब्यात?" आई म्हणाली आणि लाटणं पुन्हा फिरवायला लागली.

पण ती बोलली होती. दहा महिन्यांत तिनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. बाबांनी आणि मी ते धरून ठेवलं.

प्रवास तीन दिवसांचा होणार होता. चैत्र संपायच्या आत निघायला हवं, नाहीतर वाळूत नाव अडकणार. सकाळी नऊपर्यंत चालायचं, दुपारी काठच्या झाडाखाली थांबायचं, उतरत्या उन्हात पुन्हा निघायचं आणि रात्री एखाद्या गावाच्या घाटाला नाव बांधून झोपायचं. सगळं जमत होतं, फक्त ती खोली जमत नव्हती. दिवसभर तापलेल्या टिना अर्ध्या रात्रीपर्यंत आग ओकायच्या. आईला त्यात झोपवायचं कसं?

मी म्हटलं, कूलर. माझ्या शाळेतल्या एका बाईंकडे नवा कूलर आला होता आणि मी त्यावर भाळले होते. बाबा म्हणाले, खसच्या, म्हणजे वाळ्याच्या ताट्या. दोन्ही दारांना लावू, वरून पाणी मारत राहू. काका बिडी शिलगावत म्हणाले, "गुरुजी, नावेले काय पाहिजे? वारा पाहिजे. बाकी सब झंझट आहे."

आधी माझं झालं. बाईंनी कूलर दोन दिवसांसाठी दिला. घाटाजवळच्या एका शेतकऱ्यानं त्याच्या मोटरपंपाच्या खोलीतून वायर ओढू दिली. चौघांनी उचलून कूलर नावेत ठेवला, त्यात पाणी भरलं आणि नाव एका अंगाला चार बोटं खाली बसली. संध्याकाळी कूलर लावला. लाईट कमी होती. पंखा घरघरत कसाबसा फिरू लागला. आई आत जाऊन बसली. पहिली पाच मिनिटं बरं वाटलं. मग आतली हवाच ओली झाली. बंद खोलीत ती जाणार कुठे! आई घामानं चिंब होऊन बाहेर आली.

"आत भात शिजून राहिला," ती म्हणाली.

मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी हसले. कारण तीही हसत होती.

"आणि वाटेतल्या गावात लाईट कोण देईल तुले?" काकांनी विचारलं. "वाळू लागली तं हे धूड घेऊन नाव ढकलशील का?"

कूलर परत गेला. दुसऱ्या दिवशी बाबांनी खसच्या ताट्या बसवल्या. सुगंध छान सुटला, दारातून येणारा वारा गार झाला, पण डोक्यावरच्या टिना तशाच तापलेल्या. आई आत आडवी झाली, जराशानं उठून बसली आणि तिनं हात वर करून टिनेला लावला. चटकन मागे घेतला.

"इकडे या सगळे," तिनं हाक मारली. आम्ही तिघं वाकून आत आलो. "कालपासून आत काय आणाचं थेच पाहून राहिले तुम्ही. हे वरचं काढा ना! टिना कायले ठोकल्या?"

बाबा म्हणाले, "पावसासाठी."

"चैत्रात?"

काका मोठ्यानं हसले आणि लगेच पक्कड घेऊन आले. बाबा थोडे हिरमुसले होते. त्या टिना त्यांनी स्वतः मोजून, कापून बसवल्या होत्या. पण खिळे काढायला तेच पुढे झाले. टिना उतरल्या. काकांनी बांबू चिरून कमान केली, आईनं त्यावर तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, जाड थर पसरायला लावला, आणि वरून मांजरपाटाचं जुनं कापड ताणून बांधलं. ते नदीच्या पाण्यानं भिजवायचं. ताट्या वाऱ्याच्या अंगाला ठेवल्या, समोरचं अंग पूर्ण उघडं ठेवलं, म्हणजे ओल कोंडायची नाही. नाव कशी बांधायची तेही आई सांगू लागली: तोंड वाऱ्याकडे नको, ताटी वाऱ्याकडे. काका तिचं ऐकून दोर बदलत होते.

त्या रात्री आम्ही चौघंही घाटावर राहिलो. आई नावेत झोपली. मी काठावर पथारी टाकली होती, पण लक्ष तिच्याकडेच. ती दोनदा उठली, लोट्यानं छपरावर पाणी मारलं आणि पुन्हा झोपली. सकाळी ऊन वर आलं तरी उठेना. बाबा घाबरून हलवायला गेले तर म्हणाली, "झोपू द्या ना जरा. किती दिवसानं झोप लागली."

चार दिवसांनी आम्ही निघालो. शीड फुगलं की नाव सुरेख चालायची, वारा पडला की काका वल्हं घ्यायचे. तीन ठिकाणी वाळू लागली. बाबा, मी आणि काका पाण्यात उतरून ढकलायचो. तिसऱ्या वेळेला आईनंही लुगडं खोचलं. बाबा ओरडले, "तू बस! ऊन आहे." ती म्हणाली, "पायात पाणी आहे, डोक्यावर पंचा आहे. मले काय होते?" आणि तिनं खांदा लावला. बाबांनी तोंड फिरवून शिडाचा दोर उगाच घट्ट केला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या गावाचा घाट दिसला. बातमी आधीच पोचली होती. मामा गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता. तिची बालमैत्रीण, दोन घरं सोडून राहणारी, काठी टेकत घाट उतरली. आई नावेतून उतरली नाही. उलट मैत्रिणीलाच म्हणाली, "तू ये वर. पाह्य आमचं घर."

मामानं घरी जेवण केलं होतं, पलंग मांडले होते. आईनं जेवण घाटावरच मागवलं. त्या रात्री दोघी मैत्रिणी नावेत झोपल्या. मी काठावरून त्यांचं बोलणं ऐकत होते. गाव उठल्यावर कोण कुठे जाईल हे त्या बोलत होत्या. मैत्रीण रडवेली झाली तेव्हा आई म्हणाली, "कुठंबी नेलं तं तिथं विहीर खणतीन, झाड लावतीन. आपण येऊच ना तुले भेटाले."

नाव काकांवर सोपवून आम्ही परत एस.टी.नं आलो, भर दुपारी. आईनं खिडकीजवळची जागा मागून घेतली. घरी आल्यावर आतल्या खोलीच्या खिडक्या तिनं स्वतः उघडल्या. त्या उन्हाळ्यात ती बाजारात जाऊ लागली, सकाळी लवकर, पण एकटी. पुढची चार वर्षं ती दर चैत्रात नावेनं माहेरी गेली. काकांनी त्यांच्या मुलीच्या घरालाही तसंच छप्पर घातलं, टिनांवर तणस आणि वर ओलं कापड, आणि ते घालताना आईला बोलावून नेलं. आई उन्हात उभी राहून त्यांना सांगत होती, "जाड पसरा, जाड. कंजुषी कायले करता?"