दोघांत एक जोडा

रचनाच्या पायांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. कढईत फोडणी टाकली की कांदा लाल होईपर्यंत बाई अंगणात दोन चकरा मारून यायची. भजनाला बसली तर मांडी चारदा बदलायची. तिची सासू मैनाबाई आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या सुनेच्या पायाले भिंगरी हाय बाप्पा. निजली तरी पाय चालतेत तिचे." लग्न होऊन लांजीकडच्या या गावात आली तेव्हापासून रचना हे ऐकत होती, आणि ऐकता ऐकता पुढच्या कामाला लागत होती.

या भिंगरीला पस्तिशीच्या तोंडावर एकदाचं काम मिळालं. वनरक्षक भरतीचा लेखी पेपर तिने चूल सांभाळून पास केला. उरली ती चाल. बालाघाटच्या मैदानावरून निघायचं, डांबरी रस्ता तुडवायचा, मग जंगलातल्या मुरमाच्या वाटेला लागायचं आणि ठरल्या वेळेत परत मैदानावर यायचं. धावा नाहीतर चाला, कोणी विचारणार नव्हतं. उशीर झाला की मात्र घरी. पुढच्या भरतीपर्यंत रचनाचं वय उलटून जाणार होतं. म्हणजे नोकरी मिळाली तर आता, नाहीतर जन्मभर अंगणातल्या चकरा.

सरावाला तिला वाट शोधायची गरज नव्हती. घरातून निघालं की शेतांमधली मुरमाची पांदण, पांदण संपली की लांजीचा डांबरी रस्ता. अडलं ते जोड्यांवर. आधी तिने पुतण्याचे स्पोर्ट शूज घालून पाहिले. डांबरावर ते असे पळायचे की वा! पण तळ गुळगुळीत. पांदणीच्या उतारावर मुरमाने दगा दिला आणि दोन्ही गुडघे सोलून निघाले. मग गावातल्या एका फौजीचे दातेरी बूट मागून आणले. ते मुरूम घट्ट धरायचे, पण डांबरावर आले की खटखट वाजायचे आणि मैलभरात पोटऱ्यांचे दगड व्हायचे. दोन्ही सोबत नेऊन वाटेत बदलावेत, तर ती काही लग्नाला निघाली नव्हती.

तेव्हा रस्त्यालाही चालेल आणि रानालाही चालेल असा एकच जोडा हवा, असं ठरलं. ठरवलं रचनाने, पण घर म्हटलं की प्रत्येकाची एक अट असतेच. मैनाबाई म्हणाली, "धुता आले पायजे. अन् चिखल दिसू नाई." नवरा धर्मेंद्र लांजीत मोटारपंपाच्या दुकानात कामाला होता, रोज मोटारसायकलने जायचा. तो म्हणाला, "काळे घेजो. लग्नाकार्यात बी चालतेत." रचना कधी कोणाच्या लग्नात पळत गेली होती कोण जाणे!

एका संध्याकाळी नवराबायको बालाघाटला गेले. संध्याकाळीच का, तर दिवसभराच्या चालीने पाय फुगतात, जोडे तेव्हाच घालून पाहावेत, असं फोनमधल्या व्हिडिओतल्या एका बाईने रचनाला सांगितलं होतं. बायकांच्या फळीवरचा एकही जोडा तिला होईना. दुकानदार म्हणाला, "मैडम, लेडीज में इतना बड़ा नंबर दाँतेवाला नहीं आता." रचनाचं तोंड पडलं. तिच्या मोठ्या पायांचा तिच्या माहेरी सगळ्यांनी धसका घेतला होता. पाहायला पाहुणे आले तेव्हा आईने लुगड्याचा काठ पायांवर ओढून घ्यायला लावला होता.

दुकानदाराने मग पुरुषांच्या फळीवरून एक काळा जोडा काढला. तळाला दाते होते, पण आखूड, एकमेकांना लागून बसलेले. गादी ना फार मऊ, ना फार टणक. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा. रचना दुकानात चालली, मग दुकानाबाहेर फरशीवर, मग समोर नालीच्या कामाचा मुरूम पडला होता त्यावर चढली आणि उतरली. घसरली नाही. तिला इतका आनंद झाला की ती तिथेच दोन उड्या मारणार होती, पण गर्दी पाहून थांबली.

धर्मेंद्रने सहज म्हणून आपला पाय त्यात घातला, आणि तो चकित झाला.

"अव्, मले बी बसले! आपला नंबर एकच हाय?"

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोशी नवीन नातं निघाल्यासारखा तो हसत होता. जे पाय लपवायला ती शिकली, त्यांच्यावर कोणी खूश झालेलं रचना पहिल्यांदा पाहत होती. त्या घटकेला त्याने जीव मागितला असता तरी तिने दिला असता. त्याने फक्त जोडे मागितले.

"तू पहाटे पळजो. मंग मी घालून जात जाईन. दिवसभर बिचारे काहून पडून राह्यतीन घरी?"

"हौ," रचना म्हणाली. इथेच ती फसली.

पहिले दिवस बरे गेले. पहाटे पांदण, मग रस्ता, मग परत पांदण. धर्मेंद्र आंघोळ करून निघेपर्यंत ती जोडे पुसून ओट्यावर ठेवायची. पण सराव वाढला तशी तिला संध्याकाळही हवी होती, आणि संध्याकाळी जोडे लांजीत असायचे. कधी कोणाचा पंप बसवायला परसवाड्याकडे जायचे, कधी राजेगावला लग्नात पंगतीबाहेर उभे राहायचे. रचना ओट्यावर येऊन रस्त्याकडे बघायची, आत जायची, पुन्हा यायची. गाडीचा आवाज आला की तिला नवऱ्याआधी त्याचे पाय दिसायचे. तिला राग यायचा, आणि घरात मिळवून आणणाऱ्या माणसाच्या पायातल्या जोड्यांवर राग येतो याची लाजही वाटायची. तेवढ्यात तो उतरून विचारायचा, "कशी झाली प्रॅक्टिस?" तिच्या तोंडून चांगली झाली एवढंच निघायचं.

चालीला आठवडा उरला असताना पांदणीत तिच्या डाव्या जोड्यात खडा गेला. काढला. दहा पावलांवर दुसरा गेला. खाली बसून बघते तर डाव्या अंगठ्यावरची जाळी फाटून भोक पडलेलं. उजवा जोडा मात्र धडधाकट. ती तशीच लंगडत घरी आली आणि जोडा धर्मेंद्रच्या पुढ्यात आपटला.

"हे का होय?"

त्याने जोडा फिरवून पाहिला. मग ओट्याखाली उभ्या मोटारसायकलकडे पाहिलं. डाव्या पायाने दिवसभर गिअर वर उचलायचा. ती लोखंडी दांडी रोज त्याच जागी घासत होती.

"गिअर लागते ना," तो हळूच म्हणाला.

"तुमच्या गिअरनं माही भरती खाल्ली! माह्यासाठी घेतले होते ते. माह्यासाठी! लग्न तुमी करा, पंप तुमी बसवा, अन् मी का ओट्यावर उभी राहून वाट पाहू?"

मैनाबाईच्या हातातलं सूप थांबलं. या सुनेचे पाय चालतात हे तिला माहीत होतं, तोंडही चालतं हे तिने आज पाहिलं. धर्मेंद्र चपला घालून कामावर गेला. रचनाने चांभाराकडून ठिगळ लावून आणलं, तर शिवण अंगठ्याला काचू लागली. ती चार दिवस धड जेवली नाही.

चालीच्या दोन दिवस आधी तो नवा खोका घेऊन आला. तेच जोडे, काळे, तोच नंबर. खास बालाघाटला जाऊन आणले होते. "नवे तुले, जुने मले," तो म्हणाला आणि आता ही हसेल म्हणून उभा राहिला.

रचनाला रडू आलं. "परवा चाल हाय. कोरे जोडे कोनी घालते का? चावतीन ना ते!"

पण माणसाचं तोंड इतकं उतरलं की तिने ते पायात चढवले आणि हातपंपापर्यंत चकरा सुरू केल्या. कितीतरी चकरा मारल्या. डावा मुकाट्याने बसला. उजव्या टाचेला तिचं हाड जरा वर होतं. तिथे जोडा असा चावला की फोड उठला. ती मध्येच थांबली. खाली बसली, उजवा काढून फेकला आणि जुना उजवा चढवला. चालून पाहिलं. डावा कोरा, उजवा मुरलेला. पायांची कुरकुर थांबली.

"जोडा फोडतं का बाई?" मैनाबाई कळवळून म्हणाली. "जोड्यातला एक इकडे अन् एक तिकडे, बरं दिसत नाई. नवराबायकोच्या घरात असं करू नाई."

"आत्याबाई, फुटलाच हाय तो. मी जोडून राह्यली."

उरलेले दोन, फाटका डावा आणि चावरा उजवा, कोपऱ्यात पडून राहिले. त्यांचा विचार करायला कोणाला वेळ नव्हता.

चालीच्या दिवशी पहाटे धर्मेंद्रने तिला मैदानाच्या फाटकाशी सोडलं. नातेवाइकांना आत मनाई होती, गाड्या तर लांबच उभ्या करायला लावत होते. आत विशी-बाविशीच्या पोरी रंगीत जोडे घालून उड्या मारत होत्या. रचनाला वाटलं, आपण इथे पोरीला सोडायला आलेल्या आईसारख्या दिसतो. शिट्टी झाली आणि विचार संपले. डांबरावर तिने स्वतःला आवरून धरलं. जंगलाची वाट लागताच दात्यांनी मुरूम पकडला आणि मग तिने कोणाचं ऐकलं नाही. उतारावर पोरी बिचकत पाय टाकत होत्या तेव्हा ही त्यांच्यामधून सुटली. परतीच्या डांबरावर मात्र पोटरीत गोळा आला. मागे टाकलेल्या पोरी एकेक करून पुढे जाऊ लागल्या. वेळ किती उरला ते कळायला मार्ग नव्हता. तिला वाटलं, संपलं.

तेव्हा रस्त्याच्या पलीकडच्या कडेने समोरून एक माणूस येताना दिसला. बायको दिसते का बघायला तो फाटकापासून निघाला असावा. उजवा पाय टेकला की त्याचं अंग आखडत होतं. डाव्या जोड्याच्या भोकातून पांढरा मोजा बाहेर आला होता. तिला पाहून धर्मेंद्र जागच्या जागी वळला आणि पलीकडून तिच्या बरोबरीने मैदानाकडे चालू लागला. ओरडला नाही, हात केला नाही. नुसता लंगडत, दात आवळून तिच्या वेगाला वेग जुळवत राहिला. रचनाला हसू आलं, मग हुंदका आला, आणि दोन्हींना जागा नव्हती म्हणून ती पळाली.

वेळेत पोहोचली. साहेबांनी तिचा नंबर दोनदा विचारून घेतला आणि पास झालेल्यांत बसवलं. ती बाहेर आली तेव्हा धर्मेंद्र भिंतीला टेकून बसला होता. तिने आधी त्याचा उजवा जोडा ओढून काढला. टाचेचं कातडं गेलं होतं.

"पास?" त्याने विचारलं.

"पास. पन हे का? चपला नव्हत्या का तुमाले?"

"होत्या ना."

"मंग चावून राह्यला होता, तं काढला काहून नाई?"

"तुले चावला असता तं तू काढला असता का?"

रचनाने त्याच्या टाचेला रुमाल बांधला, ते दोन बिनजोडीचे जोडे एका हातात घेतले, आणि दुसरा हात त्याला दिला. गाडी लांब उभी होती. तो अनवाणी, सावकाश चालत होता, आणि रचना त्याच्या पावलाने चालत होती.