सहज उचललेला बेलभंडार

मी घर सोडलं तेव्हा आसनगावच्या स्टेशनवर मला पोचवायला दोनच माणसं आली होती. एक अण्णा, म्हणजे माझे वडील, शहापूर तालुक्यात गावोगाव बदल्यांवर फिरणारे शाळामास्तर. दुसरा कान्हूमामा, आईचा थोरला भाऊ. मुरबाडच्या बाजूला मालकाची जमीन कसायचा, आणि माझ्यासाठी आदल्या दिवशी उजाडता निघून चालत आला होता. गाडी दिसली तसे अण्णा म्हणाले, "डोकं वापर. कुणाच्या पाया पडू नकोस." मामानं भाकऱ्यांचं गाठोडं हातात दिलं आणि म्हणाला, "बोललास तं कर. जमाचं नसंल तं बोलूच नको." मला अण्णांचं बोलणं मोठं वाटलं. मामाचं म्हणजे आपलं खेड्यातल्या माणसाचं काहीतरी. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि दीडशहाणा होतो.

माझ्यासारखे जे मुंबईला आले आणि जे गावाकडेच राहिले, त्या दोघांनाही हे सांगायचंय, कारण पुढं जे झालं त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

आमच्या घरात देव नव्हता. देव्हारा नाही, उपास नाही, सणाला फक्त गोडधोड. आईनं लग्न झाल्यावर आपले देव माहेरी ठेवून दिले, जास्तीची भांडी ठेवावीत तसे. माझं नावसुद्धा अण्णांनी मुद्दाम देवाचं ठेवलं नाही, उत्तम ठेवलं. उलट मामा खंडोबाचा भंडारा कपाळाला लागल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही. दिवाळीत आम्ही त्याच्याकडे गेलो की अण्णा त्याची थट्टा करायचे, तो हसायचा, आणि मी मनात म्हणायचो, बिचारा! मुंबईत गिरगावातल्या एका छापखान्यात मी कंपोझिटर झालो, म्हणजे खिळे जुळवणारा, युनियनमध्ये गेलो, रोज कुठल्या ना कुठल्या सभेचं हँडबिल माझ्याच हातानं जुळवायचो. तिथं माझा सिद्धांत पक्का झाला. जो देवापुढं हात जोडतो तो मालकापुढंही जोडणारच. माझ्यासारखा, ज्याला देवाचीच भीती नाही, तो मालकाला काय भिणार! चाळीतल्या खोलीत चहा पिता पिता हे मी किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे. हो, देव जाणे असं मी तेव्हाही म्हणायचो, सवयीनं.

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी रजा काढून मामाच्या गावी गेलो. भात पिकून लोंब्या खाली झुकलेल्या, आणि सगळं गाव मालकाच्या डोंगरावर गवत कापायला. मुंबईच्या तबेल्यांना गवत जायचं, त्यात मालकाला चांगलं मिळायचं. कापणाऱ्याला काही नाही. ही वेठ. आधी मालकाचं गवत, मग आपलं भात, मधल्या मधे दाणा शेतात गळून गेला तर गेला. बाया कापत होत्या, म्हातारे बांधत होते. माझं टाळकंच फिरलं. मी घरोघर जाऊन बसलो. मुरबाडला बाजाराच्या दिवशी वेठ बंद करण्याची सभा होती, तिला सगळ्यांनी यायचं आणि परत येऊन एकजुटीनं मालकाला नाही म्हणायचं, असं ठरवून घेतलं. सोनू म्हातारा गावात सगळ्यात वडील, तोही म्हणाला, येतो. मी एवढा खूश झालो की मुंबईच्या मित्रांना कार्डही लिहून टाकलं.

मालकाच्या कानावर गेलंच. पण मालक लाठ्या घेऊन येईल असं वाटलं होतं, तो ताम्हण घेऊन आला. सभेच्या दोन दिवस आधी सकाळी त्यानं सगळ्यांना खंडोबाच्या देवळात बोलावलं. ताम्हणात बेलाची पानं आणि भंडारा. प्रत्येकानं देवासमोर बेलभंडार उचलायचा आणि म्हणायचं, सभेला जाणार नाही, वेठ चुकवणार नाही. तिकडच्या माणसाला याहून मोठी शपथ नाही. खोटी उचलली तर लेकराबाळांवर येते, असं सगळे मानतात.

लोक माझ्याकडं आले. घाबरलेले. सोनू म्हातारा म्हणाला, आता कसं करायचं, तूच सांग. आणि मी हसलो! आजही ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी म्हटलं, अहो, बेल म्हणजे झाडाचं पान आणि भंडारा म्हणजे स्वयंपाकघरातली हळद. खुशाल उचला, मालकाला खूश करा आणि परवा सभेला चला. मामा कोपऱ्यात बसून ऐकत होता. त्यानं एवढंच विचारलं, तू उचलशील? म्हटलं, शंभरदा उचलीन.

आणि उचललाही. पाहुणा असूनही मालकानं मलाही पुढं बोलावलं, मी ऐटीत गेलो, मूठ भरून उचलला, खणखणीत आवाजात बोललो. माझ्यामागून एकेक जण आला. सोनू म्हातारा ताम्हणापुढं आला आणि माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला डोळ्यानं खुणावलं, काही नाही, चालू दे. शेवटी मामा राहिला.

मामा ताम्हणापुढं गेला, देवाला नमस्कार केला आणि हात मागं घेतले.

"मालक, मी हात लावनार नाय. लावला तं पाळाय लागंल, आन तं मना जमाचं नाय."

मालकाच्या तोंडावर नाही म्हणणारा त्या गावात तो पहिला माणूस, आणि तो कोण, तर रोज खंडोबापुढं नाक घासणारा माझा बिचारा मामा. मला त्याचा रागच आला. एवढी सोपी युक्ती सांगितली होती! मालक ताम्हण उचलून निघून गेला.

बाजाराच्या दिवशी मी वेशीवर उभा राहिलो. ऊन वर आलं तरी कुणी येईना. मग मामा आला, एकटा, डोक्याला फडकं बांधलेला. मी विचारलं, बाकीचे कुठं आहेत? तो माझ्याकडं अशा नजरेनं बघत राहिला की मला हे कळू नये याचंच त्याला आश्चर्य वाटावं.

"उचलली ना त्यांनी," तो म्हणाला.

मी धावत सोनू म्हाताऱ्याकडं गेलो. तो डोंगरावर गवत कापत होता. सगळेच कापत होते. माझ्याच सांगण्यावरून त्यांनी शपथ घेतली होती, आणि घेतल्यावर ती त्यांना बांधून बसली होती. ती खोटी ठरवायचा त्यांचा विचारच नव्हता. उचलताना त्यांना वाटलं होतं, उत्तम शिकलेला आहे, उचला म्हणतोय म्हणजे त्यातून देवापुढंही काही वाट असेल. तशी वाट नव्हती. मी म्हटलं, मी तर चाललोय सभेला. म्हातारा कोयता खाली न ठेवता म्हणाला, "तू बी उचललं हुतंस ना, रे?" त्यानंतर त्या डोंगरावर एकानंही मान वर करून माझ्याकडं पाहिलं नाही. ज्याच्या शब्दाला किंमत नाही त्याच्याशी काय बोलायचं!

सभेला त्या गावातून आम्ही दोघंच होतो, मामा आणि मी. परत आलो तर मामाचा नांगर, भांडी, दाण्याची कणगी, सगळं मालकाच्या माणसांनी अंगणात आणून टाकलेलं. मामी त्या पसाऱ्यात मधोमध बसली होती. जमीन गेली होती, घरही मालकाच्या जागेत होतं. चौथ्या दिवशी त्यांचं बिऱ्हाड बैलगाडीत चढलं. मामीनं मला एकच गोष्ट ऐकवली, की तुझ्या शहाणपणानं आमचं घर उठलं. खरं होतं. लाज एवढी वाटत होती की मी गाडीच्या मागं चालत राहिलो, पुढं जायची हिंमत झाली नाही.

मामा कसाऱ्याला गेला. घाटाखाली रेल्वेच्या कामावर खडी टाकायला लागला, लाइनीच्या कडेला झोपडी बांधली. आयुष्यभर भाताच्या चिखलात उभा राहिलेला माणूस साठीकडं झुकल्यावर शिट्टीच्या तालावर कामाला जायला लागला, गँग, ड्यूटी, मुकादम असे शब्द बोलायला लागला. सुट्टीच्या दिवशी मी जायचो. तो कधी रागावला नाही, हेच सोसत नसे. गावची खबर मिळायची, वेठ चालूच आहे, आणि आता कुणी सभेचं नावही काढत नाही.

दोन वर्षांनी म्हसाच्या बैलांच्या जत्रेत सोनू म्हातारा आणि गावची पाच-सहा माणसं मामाला भेटली. मीही होतो. माझ्याकडं न बघता ते मामाशी बोलले. वेठ आता सहन होत नाही, पण शपथेतून सुटका कशी व्हायची? मामा बैलांच्या गर्दीत उकिडवा बसला. मग म्हणाला, शपथ हलकी कुणी केली? उत्तमनं. मग त्यानंच ती आपल्या डोक्यावर घ्यावी. देवापुढं म्हणावं, यांनी माझ्या शब्दावर उचलली, मोडली तर पाप माझं.

मी लगेच हो म्हटलं. अवघड ते काय, एकदा उचललीच होती. आम्ही तसेच गावाकडं निघालो. गाव जत्रेत, मालकही जत्रेत बैल बघायला, देवळात चिटपाखरू नव्हतं. मामा दोन वर्षांनी वेशीच्या आत आला होता. त्यानं देवळातल्या ताम्हणात बेलभंडार घालून पुढं ठेवला आणि म्हणाला, "ह्या वेळंला मनातून."

आणि माझा हात पुढं जाईना. अहो, खरंच जाईना! पान तेच, हळद तीच. पण डोळ्यासमोर मधल्या काळात झालेली आमची मुलगी कुसुम आली, सव्वा वर्षाची, नुकती भिंतीला धरून चालायला लागलेली. लेकराबाळांवर येते, म्हणतात. म्हणजे सोनू म्हाताऱ्याला मी जेव्हा डोळ्यानं खुणावलं तेव्हा त्यानं आपल्या नातवंडांची नावं मनात घेतली असतील, आणि मी हसत होतो. देव आहे की नाही हे मला त्या क्षणीही ठाऊक नव्हतं. पण मी माझं लेकरू पणाला लावतोय हे ठाऊक होतं, आणि ही सगळी माणसं त्यावर विसंबून उद्या मालकापुढं उभी राहणार होती. मी उचलला. या वेळी खणखणीत नाही, पण सगळं बोललो.

पुढच्या दिवाळीनंतर मालकाचं गवत डोंगरावर उभंच राहिलं. धमक्या झाल्या, पोलीस येऊन गेले. एकही कोयता चालला नाही.

अण्णांना या शपथेचं सांगायचं धाडस मला वर्षभर झालं नाही. पेन्शन घेऊन ते सापगावला राहत होते. सांगितलं तेव्हा वाटलं, आता आयुष्यभर तोंड बघणार नाहीत. ते चष्मा पुसत बसले. मग आवाज अगदी खाली आणून विचारलं, "कुसुम बरी आहे ना रे?" अण्णा! ज्यांनी मला देवाचं नाव ठेवलं नाही ते अण्णा!

मुंबईत गाव कुठलं विचारलं की पूर्वी मी शहापूर सांगायचो. आता मामाचं गाव सांगतो. माझं तिथं रक्ताचं कुणी नाही. मालकानं जमीन परत दिली नाही आणि मामा कसाऱ्यालाच आहे. पण दरवर्षी जत्रेला ते लोक भेटतात. नव्या तांदळाचं गाठोडं मुलीच्या नावानं देतात. आणि माझी विचारपूस करण्याआधी, राम राम म्हणण्याआधी, सगळे माझ्या तोंडाकडं बघत एकच विचारतात, पोरगी बरी हाय ना? मी बरी आहे म्हणतो, आणि मगच ते पुढचं बोलतात.