तोलून घेतलेला संगणक

आमच्या व्याह्यांइतका कागदाचा तिटकारा असलेला मनुष्य संपूर्ण करवीर तालुक्यात दुसरा झाला नाही, हे विधान मी शपथेवर करण्यास तयार आहे. मी स्वतः दिवाणी न्यायालयात छत्तीस वर्षे काढून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. पावती, पोच, दिनांक आणि जावक क्रमांक यांवाचून एखादी गोष्ट घडली, असे मी आजही मानत नाही. अशा माणसाची मुलगी अशा माणसाच्या मुलाला दिली जावी, यात नियतीचा खोडसाळपणा असला पाहिजे. लग्न ठरवण्याच्या बैठकीत, मुहूर्तापासून पंगतीच्या वेळेपर्यंत जे जे ठरले त्याची यादी मी दोन प्रतींत तयार करून त्यांच्यापुढे सहीसाठी ठेवली. त्यांनी ती वाचली नाही. तळहातावर घेऊन दोनदा वरखाली केली आणि माझ्याकडे परत दिली. म्हणाले, "लई हलकी हाय पावणं. शब्द द्या, त्यो जड असतोय."

तोलणे हा त्यांचा नुसता छंद नव्हता, ती त्यांची न्यायपद्धती होती. मूळचे ते चंदगडकडचे. तरुणपणी कोल्हापुरात आले आणि उद्यमनगरात जळालेल्या विजेच्या मोटारींना नवे वाइंडिंग करून देण्याचा लहानसा कारखाना त्यांनी टाकला. तांब्याची तार वजनावर घ्यावी लागते, म्हणून एक स्प्रिंगचा काटा कायम त्यांच्या कापडी पिशवीत असे. पण हळूहळू त्या काट्याचे अधिकारक्षेत्र वाढत गेले. छत्री घेताना ते ती उघडून पाहत नसत, काट्याला लावत. कुलूप, चप्पल, पंखा, शिवणयंत्र, सगळ्यांना ही एकच परीक्षा. जे जड ते खरे, जे हलके ते फसवे. एकदा माझ्या कपाटातील एक जाडजूड कायद्याचा ग्रंथ त्यांनी हातात घेतला, क्षणभर तोलला, आणि व्याही झाल्यापासून प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिले. "ह्येच्यात माल हाय," एवढाच अभिप्राय दिला. आतले एक पानही त्यांनी उलटले नाही, हे मी नमूद करू इच्छितो.

जे तोलता येत नाही ते ऐकायचे, हे त्यांचे दुसरे कलम. स्क्रूड्रायव्हरचे टोक चालत्या यंत्राला लावायचे, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आतल्या बेअरिंगची प्रकृती सांगायची. आमच्या शीतकपाटाचे असे परीक्षण त्यांनी दिवाळीच्या फराळाच्या वेळी, हातात करंजी असताना केले आहे. एकदा आम्ही दोघे एसटीने जोतिबाला निघालो होतो. घाट सुरू होण्यापूर्वी गाडी थांबली तेव्हा हे उठून पुढे गेले, इंजिनाच्या पेटीवर कान टेकला आणि चालकाला म्हणाले, "पाण्याचा पंप बोलतोय बाबा. वर जायाची न्हाय ही."

"तिकीट काढलंय न्हवं, म्हातारबा? मग गप बसा की," चालक म्हणाला.

गाडी तिसऱ्या वळणावर वाफ सोडून थांबली. व्याही खाली उतरले आणि चढ चालू लागले. मी मात्र तिथेच दगडावर बसून आगारप्रमुखांना तीन पानी पत्राचा मसुदा केला. देवळात मी पोहोचलो तेव्हा त्यांचे दर्शन, गुलाल आणि चहा, सगळे उरकले होते. "झालं लिवून?" त्यांनी विचारले. पत्राला चार महिन्यांनी उत्तर आले: आपले पत्र मिळाले.

दोन हजार पाच सालच्या आसपासची गोष्ट. आमची नात, म्हणजे माझ्या मुलीची आणि त्यांच्या मुलाची अश्विनी, आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होती. जावई नोकरीनिमित्त परगावी असल्यामुळे शिक्षणापुरती ती आमच्याकडे राहत असे. मागच्या सत्रात तिची चित्रे वेळेत पूर्ण झाली नव्हती. मैत्रिणीच्या संगणकावर पाळी लावून काम करायचे, आणि ऐनवेळी मैत्रिणीचेच काम निघायचे. या सत्रात पुन्हा अपुरे काम मांडले तर वर्ष जाईल, असे महाविद्यालयाने कळवले होते. आणि वर्ष गेले तर हे शिक्षण बंद करून बी.कॉम.ला घालीन, असे जावयांनी कळवले होते. पहिली सूचना लेखी होती, दुसरी तोंडी. परंतु दोन्ही अमलात येणार, याविषयी मला शंका नव्हती. तेव्हा मुलीला स्वतःचा संगणक घेऊन द्यायचा, आणि तो तयार न घेता एकेक भाग निवडून शाहूपुरीतल्या एका दुकानात जोडून घ्यायचा, असे ठरले. त्यासाठी मी त्रिसदस्यीय समिती नेमली. अध्यक्ष मी, तांत्रिक सदस्य व्याही, तिसरी अश्विनी.

तांत्रिक सदस्याने संगणक उभ्या आयुष्यात हाताळला नव्हता. पण त्यांनी जो पहिला प्रश्न विचारला, तो मी मागवलेल्या तिन्ही दरपत्रकांत कोणीही विचारलेला नव्हता. "पोरी, तू त्येच्यावर करणार काय, त्ये सांग आधी."

अश्विनीने सांगितले. कामे दोन. एक, इमारतीचा आराखडा पडद्यावर उभा करून इकडून तिकडून फिरवून पाहणे. दुसरे, त्या आराखड्यात भिंतींचा पोत, ऊन, सावली भरून संगणकाकडून छायाचित्रासारखे चित्र काढून घेणे, ज्याला ती मुले रेंडरिंग म्हणतात. फिरवायला ग्राफिक्स कार्ड लागते. चित्र काढायला मात्र प्रोसेसर आणि रॅम राबतात, तेही चार-चार तास, मध्ये श्वास न घेता.

"म्हंजे मळणीयंत्र हाय म्हण की," व्याही म्हणाले. "घटकाभर चालवून बंद करायचं न्हाय. दिवसभर भरपूर घालायचं आन् त्येनं मान टाकायची न्हाय."

या एका वाक्यावर त्यांनी अर्धी खरेदी मार्गी लावली. दुकानदार हा तिशीतला, नम्र आणि मिठ्ठास मनुष्य होता. त्याने निळे दिवे लागणारे कॅबिनेट पुढे केले. व्याही म्हणाले, "ह्यो काय गणपतीत ठेवायचा हाय?" त्याने खेळ खेळणाऱ्यांसाठीचे महागडे कार्ड दाखवले. व्याही म्हणाले, "पोरीला खेळायला सवड न्हाय. त्ये साधं द्या आन् रॅम दुप्पट टाका." अश्विनी मान हलवत होती, म्हणजे निवड बरोबर होती. मी टिपण घेत होतो. आणि मग दुकानदाराने काउंटरवर दोन लोखंडी डबे ठेवले. संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणारा हा डबा, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात. दोन्हींवर छापलेली क्षमता एकच. एक कॅबिनेटबरोबर येणारा, एक वेगळा घ्यावा लागणारा.

व्याह्यांनी पिशवीतून काटा काढला.

भर दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत, त्यांनी त्या डब्यांच्या वायरींचे झुबके काट्याच्या आकड्यात अडकवून दोन्ही डबे एकापाठोपाठ एक तोलले. पोरेटोरे हसू लागली. वेगळा घ्यायचा डबा कॅबिनेटच्या डब्याच्या जवळजवळ दुप्पट भरला. "ह्येच्यात तांबं हाय, त्येच्यात न्हाय," त्यांनी निकाल दिला. "छापणारा खोटं छापतोय. तांबं खोटं बोलत न्हाय."

येथे मला हस्तक्षेप करावा लागला. मालावर छापलेले विधान विक्रेत्यावर बंधनकारक असते. ते असत्य निघाल्यास ग्राहकाला दाद मागता येते. सबब छापील क्षमता समान असताना केवळ वजनावरून जादा रक्कम मोजणे, हे समितीने ठरवलेल्या निकषांत बसत नाही. मी हे दुकानात उभे राहून, मुद्देसूद सांगितले. अश्विनी दोन आजोबांच्या मध्ये उभी होती. तिने तटस्थ राहणे पसंत केले. अध्यक्षाच्या मताने हलका डबा मंजूर झाला. व्याह्यांना मी म्हटले, "पाहुणे, तुमचे मतभेदाचे टिपण लेखी द्या, मी जोडतो."

"लिवायचं कशाला? म्हटलं त्ये ऐकलं न्हवं तुम्ही? झालं की," असे म्हणून त्यांनी काटा पिशवीत टाकला.

संगणक घरी आला. कॅबिनेटच्या मागे दुकानदाराने एक कागदी पट्टी चिकटवली होती: सील फाटल्यास हमी रद्द. मला ती पट्टी फार आवडली. दोन महिने सर्व सुरळीत चालले, कारण दोन महिने अश्विनी नुसते आराखडे काढत होती. ज्युरीला, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडण्याला, आठ दिवस उरले तेव्हा तिने पहिले मोठे चित्र काढायला घेतले. तिचा विषय होता चंदगडच्या एसटी स्थानकासाठी पावसाळी निवारा. चित्र वरून खाली, ओळीओळीने उमटते. आभाळ आले, छप्पर आले, छपराच्या कडेपर्यंत ओळ पोहोचली आणि संगणक आपोआप बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा छपराच्या कडेला बंद. तिसऱ्यांदा तेच.

माझ्या संतापाचे वर्णन मी करत नाही. त्याच्या स्थळप्रती उपलब्ध आहेत. दुकानदाराला पोचपावतीसह नोंदणीकृत पत्र गेले, दोन दिवसांनी स्मरणपत्र, त्यानंतर नोटीस. त्याने दूरध्वनीवर अत्यंत गोड आवाजात सांगितले, "काका, मशीन सील न फोडता आणून द्या, कंपनीकडे पाठवू. पंधरा दिवस धरा." ज्युरीला तेव्हा चार दिवस होते. मी ग्राहक मंचाकडे दाखल करायची तक्रार लिहायला बसलो. सील शाबूत, पावती शाबूत, छापील दावा डोळ्यांसमोर. इतकी निर्दोष केस नोकरीत छत्तीस वर्षांत माझ्या टेबलावरून गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अश्विनीचा निरोप मिळाल्यावरून, व्याही आले. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक डबा काढून टेबलावर ठेवला. टेबल किंचित कुरकुरले. तोच तो जड डबा.

"कधी आणलात?" मी विचारले.

"त्याच दिवशी. तुमी रिक्षा बगायला गेलता तवा. लागणार हुता की."

दोन महिने तो डबा उद्यमनगरात त्यांच्या बाकाखाली पडून होता, आणि या माणसाने एकदाही तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. त्यांनी कॅबिनेट फिरवले, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, सील पाहिले आणि थांबले. स्क्रूड्रायव्हर मांडीवर ठेवून ते माझ्याकडे पाहू लागले.

"करा ना," मी म्हणालो.

"सील तुमचं हाय, पावणं. तुमची केस हाय. मी कसा हात लावू?"

मी त्यांना समजावले की सील फाटले की पुरावा नष्ट होतो, आणि पुरावा नष्ट झाला की तो दुकानदार उजळ माथ्याने फिरणार. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "व्हय. फिरंल." अश्विनी दारात उभी होती. ती चार रात्री नीट झोपलेली नव्हती. हळूच म्हणाली, "असू द्या आजोबा. मी सरांना सांगते, चित्रं नाहीत म्हणून."

ते तिने इतक्या समजूतदारपणे म्हटले की मला तिचा नव्हे, माझाच राग आला. मी एक कोरा कागद घेतला आणि पंचनामा लिहिला: सदर सील आम्ही स्वखुशीने, अमुक कारणास्तव फोडत आहोत. खाली साक्षीदाराची सही हवी होती. मी कागद व्याह्यांपुढे सरकवला, त्यांनी पेन घेतले.

"वाचून तर पाहा," मी म्हणालो.

"कशाला? तुमीच लिवलंय न्हवं?" म्हणाले, आणि सही केली. मग मी नखाने ती पट्टी फाडली.

त्या दिवशी भारनियमनामुळे दुपारी दोनला वीज जाणार होती. डबा बदलून चित्र सुरू झाले तेव्हा साडेनऊ वाजले होते, आणि लागणार होते चार तास. आम्ही दोन म्हातारे पडद्यासमोर खुर्च्या टाकून बसलो. आभाळ आले. छप्पर आले. छपराच्या कडेशी मी श्वास रोखून धरला. ओळ कड ओलांडून खाली गेली, खांब उतरू लागले. "आधी छप्पर, मग खांब, मग जमीन," व्याही म्हणाले. "असला गवंडी मी बगितला न्हाय." मग ते उठले आणि कॅबिनेटच्या मागे वाकून, हात लांबवून, पंख्यातून येणारी गरम हवा तळव्यावर घेत उभे राहिले. दर थोड्या वेळाने उठून ते हेच करत होते. पावणेदोनला शेवटची ओळ आली. ओली फरसबंदी, तिच्यात छपराचे प्रतिबिंब, रिकामे बाक.

"माणसं कुठं हायती गं?" त्यांनी विचारले.

"माणसं मागाहून चिकटवतात आबा. फोटोतून कापून."

अश्विनी उत्तीर्ण झाली, पुढे आर्किटेक्टही झाली. मी ती तक्रार दाखल केली नाही. तो दुकानदार अजून शाहूपुरीत नम्रपणे माल विकतो, आणि त्याच्या दारावरून जाताना आजही माझे पाऊल रागाने जड पडते. व्याह्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. हल्ली कोणी एखादी वस्तू हातात दिली की मी आधी ती तळहातावर वरखाली करून पाहतो. काय समजायचे असते ते मात्र मला समजत नाही.

ते चित्र चौकटीत घालून माझ्या टेबलासमोर लावलेले आहे. मैत्रिणीच्या कॅमेऱ्याने त्या सकाळी अश्विनीने आमच्या नकळत फोटो काढले होते, आणि चिकटवायला तिने दुसरी माणसे शोधलीच नाहीत. चंदगडच्या त्या निवाऱ्यात मी बाकावर ताठ बसलो आहे, मांडीवर कागद, आणि न आलेल्या गाडीच्या दिशेने रागाने पाहतो आहे. व्याही छपराच्या कडेला उभे आहेत, पाठमोरे, किंचित वाकून, एक हात बाहेर पसरलेला, तळवा वर. पाऊस थांबला की नाही ते पाहत असावेत. मी वाट पाहतो. ते अजून वळून काही सांगत नाहीत.