नीलम्मा पाचजणींनिशी उतरली

"अहो, खेळच होता की तो, एवढं काय मनावर घ्यायचं," असं कुणी म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं.

नीलम्मा आमच्या कबड्डी संघाची कर्णधार. शहात्तर साली सोलापुरात मुलींचे संघ थोडे होते, त्यात आमचा बरा होता. दिवसभर ती गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात असायची आणि सुटीचा भोंगा झाला की थेट बाळीवेशीमागच्या मैदानावर यायची. तिची आई बसम्मा दारातून ओरडायची, "चड्डी घालून पळतीस? ब्याड गं, नको जाऊ, लोक हसतील!"

"हसू देत की अव्वा. हसताना दमतील," असं म्हणून नीलम्मा निघायची.

ती उजव्या कोपऱ्यात खेळायची. चढाई करणारीचा पाय हाताच्या टप्प्यात आला की ही अशी झेप घ्यायची, की घोटा कधी धरला हे त्या मुलीलाही पडल्यावरच कळायचं. मी, गोजर, डाव्या कोपऱ्यात. नीलम्माच्या शेजारी, तिचा हात धरून, विजयमाला उभी असायची.

विजयमालेला संघात नीलम्मानंच आणलं. तिचा भाऊ पाठवायला तयार नव्हता. नीलम्मा दोन रविवार त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. "दादा, सांज व्हायच्या आत हिला मी स्वतः घरी आणून सोडीन," असं सांगून तिनं त्याला राजी केलं, आणि शब्द पाळला. पकड कशी करायची, मार कसा चुकवायचा, सगळं तिनंच शिकवलं. सराव संपल्यावर विजयमाला कितीदा तरी तिच्याच ताटात जेवली आहे.

गड्ड्याची जत्रा उरकली आणि सामने सुरू झाले. पलीकडच्या पेठेतल्या संघापुढं मात्र आमचं काही चालेना. त्यांची चढाई करणारी कस्तुरा चपळ होती खरी, पण आमच्या मनात काय आहे ते तिला आधीच कसं कळायचं? नीलम्मा झेप घेणार, तेवढ्यात ती पाय काढून घ्यायची. आम्ही डाव बदलले, जागा बदलल्या. काही उपयोग झाला नाही.

अंतिम सामन्यात नीलम्मानं अखेर कस्तुराचा घोटा पकडलाच. शेजारणीनं आता हात घट्ट धरून आत ओढायचं, एवढंच काम उरलं होतं. विजयमालेनं हात सोडला. नीलम्मा फरफटत मधल्या रेषेपर्यंत गेली आणि खांद्यावर आपटली. तिचा खांदा निखळला. सामना गेला. "घामानं हात सुटला गं," म्हणत विजयमाला रडत होती आणि खांदा धरून बसलेली नीलम्मा तिलाच समजावत होती!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नीलम्माच्या घरी होते. दारात कस्तुरा येऊन उभी राहिली. आत यायला संकोचत होती.

"नीलक्का, एक सांगू? आमच्या सरांनी मला सांगितलं हुतं, तुझ्या शेजारची ती पोरगी वेणी पुढं घेती तवा उजव्या कोपऱ्यातनं पकड येती. मला वाटलं, सरांनी खेळ बघून वळखलं असंल. काल सामना झाल्यावर मंडपामागं ती सरांना म्हणत हुती, 'आता जिल्ह्याच्या संघात माझं नाव नक्की ना?' सर निवड करणाऱ्यांत हायेत." तिचा आवाज चढला. "मला असं जिंकायचं नव्हतं. मी काय लुळी हाय व्हय, मला कुणी खुणा करायला?"

नीलम्मानं चांगल्या हातानं पाट पुढं सरकवला. मग म्हणाली, "बस. भाकरी खाऊन जा."

माझ्या अंगाची आग आग झाली होती. मी म्हटलं, "नीला, आता तिला कळू द्यायचं न्हाय. पुढच्या सामन्यात आपण तिला खोटे डाव सांगू. ती खोट्या खुणा करंल आणि ते सगळे तोंडावर पडतील."

"आणि मी सगळा सामना तिच्या वेणीकडं बघत खेळू व्हय?" नीलम्मा उसळली. "समोर बघून खेळायचा खेळ हाय ह्यो. शेजारी कोण हाय ह्याची काळजी करायची असंल तर खेळायचं कशाला?"

तिनं विजयमालेला मैदानावर सगळ्यांसमोर विचारलं. आधी ती नाकबूल झाली. कस्तुराचं नाव निघाल्यावर फणकारली, "मग? सगळीकडं तुझंच नाव. नीलम्मानं पकडलं, नीलम्मानं जिंकलं. मी शेजारी उभी असती, ते कुणाला दिसतंय?"

"मला सांगायचंस की. कोपरा मागितला असतास तर दिला असता. माझा हात सोडून काय मिळवलंस?"

विजयमालेनं माफी काही मागितली नाही.

मग आम्ही आमच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष मानसिंगराव यांच्याकडं गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वर आम्हालाच उपदेश केला. "पोरींनो, बोभाटा करू नका. आधीच लोक मुलींच्या खेळाला नावं ठेवतात. जिल्ह्याच्या संघात आपल्या मंडळाची एक मुलगी जातेय, हे बघा. टेंभुर्णीच्या सामन्यात विजयमाला खेळेल."

"आणि माझा खांदा?" नीलम्मानं विचारलं.

"बरा होईल," ते म्हणाले.

टेंभुर्णीला बाजाराच्या मैदानावर सामने होते. नीलम्माचा खांदा जेमतेम बसला होता. संघ मैदानात उतरला, विजयमाला नेहमीच्या जागेवर येऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला. नीलम्मानं स्वतःचा हात मागं घेतला आणि पंचांकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "हिचा हात मी धरणार न्हाय. हिनं आमचे डाव दुसऱ्या संघाला सांगितले. आमी सहाजणी खेळतो."

मानसिंगराव कडेनं ओरडले, "नीलम्मा, मंडळातून काढीन!"

"काढा की. पण आदी हिला मैदानातनं काढा."

पंचांनी विचारलं, बाकीच्यांचं म्हणणं काय? मी आणि उरलेल्या चौघी पुढं होऊन नीलम्माजवळ उभ्या राहिलो. विजयमाला मान खाली घालून रेषेबाहेर गेली.

आम्ही हरलो. सहाजणी, त्यात कर्णधाराचा एक हात दुखरा, दुसरं काय होणार? पण त्या दिवशी कुणाचाही पाय धरताना मला शेजारी बघावं लागलं नाही.

मानसिंगरावांनी शब्द खरा केला आणि नीलम्माला मंडळातून काढलं. तिच्यामागोमाग आम्ही पाचजणी बाहेर पडलो. विजयमालेचं नाव जिल्ह्याच्या संघात लागलं, गळ्यात हार घातलेला तिचा फोटो मंडळाच्या भिंतीवर चढला. आणि त्या सरांना तर कुणी एक शब्द विचारला नाही. पुढं कितीतरी वर्षं ते बक्षिसं वाटत होते, खिलाडूवृत्तीवर भाषणं देत होते!

आम्ही गिरणीच्या चाळीमागची जागा दगड वेचून साफ केली आणि तिथं खेळू लागलो. पुढच्या हंगामात कस्तुरा आपलं मंडळ सोडून आमच्यात आली. कधी जिंकलो, कधी हरलो. नीलम्माचा खांदा मात्र पहिल्यासारखा झाला नाही. लग्नानंतरही ती संध्याकाळी चाळीतल्या मुलींना खेळ शिकवायला येत राहिली.

बऱ्याच वर्षांनी मी तिला विचारलं, "विजयमालेला माफ केलंस का गं?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच काही गुन्हा केलाय. "माफ? तिनं मागितली कुटं?"

आणि ती मुलींवर ओरडायला निघून गेली. पकड ढिली पडत होती त्यांची.