रस्त्यावर नाव तरंगत नाही

रेवा, ये, अशी जवळ बस. पेपरातून हाक मारते म्हणून रागावू नकोस. फोन तू उचलत नाहीस, मग म्हातारीनं करावं काय? तुझ्या बाबांच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, दिनूच्या तेरवीला आलीस, पाहुण्यासारखी जेवलीस आणि जाताना म्हणालीस, "आत्या, बाबाले माझ्यापेक्षा वजनकाटा मोठा होता." तेव्हापासून डोळा लागत नाही वं...

दिनू नावा दुरुस्त करायचा आणि जीपमागे ट्रेलर जोडून तलावा-धरणांवर पोचवायचा. तुझ्या लग्नाच्या दिवशीही एक नाव तुझ्या सासरच्याच वाटेनं भिवापूरच्या पुढे न्यायची होती. आम्ही नातेवाईकच असे, रिकामं वाहन जाताना आम्हाला पाहवत नाही. कोणी नावेत तुझं कपाट चढवलं, कोणी दिवाण, कोणी गाद्या. तो ओरडत राहिला, "रस्त्यावर नाव तरंगत नाही बाप्पा! सारा भार चाकांवरच येते." ऐकतो कोण?

उमरेडजवळ त्यानं वरात थांबवली आणि ट्रेलर रस्त्याकडेच्या वजनकाट्यावर घेतला. गाडीच्या कागदात दिलंय त्यापेक्षा वजन जास्त भरलं. सगळ्यांसमोर तो आंदण उतरवायला लागला. तुझे सासरे हसले, "काय इवाई, नाव बुडून राहिली काय?"

"बुडत नाही, पण ब्रेकले ऐकत नाही. अन् समोर माह्या पोरीची गाडी आहे."

तू काच वर करून, मान फिरवून बसली होतीस. हे तुला ऐकूच गेलं नाही.

पुढचंही तुला ठाऊक नाही. पाठवणीला बाप जात नाही. पण तुला सासरच्या उंबरठ्यावर पाहता यावं, म्हणून त्यानं नाव मुद्दाम त्याच दिवशी काढली होती. आणि मग जीप नावेसकट वरातीतल्या बबन ड्रायव्हरच्या हाती पुढे पाठवून हा कपाटाची राखण करत काट्यापाशीच थांबला. मी होते सोबत. ट्रक गेला की नव्या उपरण्यानं कपाटाच्या आरशावरची धूळ पुसायचा आणि मला विचारायचा, "बाई, रेवानं आता माप ओलांडलं असंल ना वं?"... भाड्याची गाडी मिळून आम्ही पोचलो, तेव्हा दारातले तांदूळ झाडून झाले होते. तू त्याच्याशी बोलली नाहीस. परतताना एवढंच म्हणाला, "जाऊ दे, पोचली ना नीट."

ट्रेलर आता मनीषनगरात माझ्या अंगणात उभा आहे. शेजारच्या बाया त्यावर मिरच्या वाळत घालतात. मिरच्यांचं वजन ते काय, तरी संध्याकाळी मी सगळं उतरवते आणि कंबर धरून तिथेच टेकते. थकले वं पोरी. या रविवारी ये. पिशव्या-बिशव्या भरून आणू नकोस, तुझी तू ये.