चपला घाला!

अंबडला माझं छोटं दुकान आहे आणि माझं पोट चालतं ते मेलेल्या माणसांवर. घरचे लोक आधार कार्डावरचा फोटो आणून देतात, मी त्यावरून मोठं चित्र रंगवतो आणि तेराव्याला ते हार घालून भिंतीवर चढतं. जिवंत माणसाचं चित्र काढून द्या म्हणून आजवर कुणी आलं नाही.

त्या वैतागातूनच मी जालन्यात प्रदर्शन भरवलं. बदनापूरकडच्या शेतांत कापूस वेचणाऱ्या बायांची चित्रं होती, सगळ्या धडधाकट. पण लोक दारातच चपला काढून आत यायला लागले. प्रत्येक चित्रापुढं हात जोडायचे, हळू आवाजात बोलायचे. एकानं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "समद्या एकाच अपघातात गेल्या का?"

माझं डोकंच फिरलं. "चपला घाला!" मी ओरडलो. "जिवंत आहेत या सगळ्या!"

दुपारी त्या बायांपैकी एक मावशी एकटीच एसटीनं आली. स्वतःच्या चित्रापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "हार कुठं हाय?"

"अहो मावशी, तुम्ही जिवंत आहात."

"मंग? मेल्यावर मला कोन घालनार हाय? आत्ताच घाल."

उद्घाटनाला आणलेला हार टेबलावर सुकत पडला होता. मी तो तिच्या चित्राला घातला.

मावशीनं पायातल्या चपला काढल्या आणि स्वतःला हात जोडले.